सरांचे चार

मंगळवार, ६ फेब्रुवारी २०२४, पेण

ही वही हेमांगीने समोरच्या दुकानातून आणली. शंभरपानी सांगितली होती, आणली दोनशेपानी. माझी सून कामाची आहे, पण आकडा सांगितला की तो दुप्पट करायची तिला सवय आहे. दोनशे पानं भरेपर्यंत मला या इस्पितळात राहायचं नाही. लिहितो एवढ्याचसाठी, की उद्या तक्रार करायची वेळ आली तर तारीख-वार हाताशी असावेत. चौतीस वर्षं रोह्याला गणित शिकवलं, हवेतलं बोलणं मला जमत नाही.

झालं ते असं. शनिवारी अंगणात पोपटी लावली होती. वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, मडकं उलटं करून वर पेंढा, सगळं रीतसर. रविवारी पोट फुगलं. पोपटी बाधली असं मी धरून चाललो आणि दिवसभर ओवा चघळला. जांघेतली सहा वर्षांची गाठ दगडासारखी झाली होती, पण सुनेला सांगायची ती जागा नव्हे. मुलगा विराज बोटीवर, तो समुद्रात कुठे आहे हे त्याचं त्याला ठाऊक. सोमवारी हिरव्या उलट्या सुरू झाल्या तेव्हा हेमांगीने मला न विचारता गाडी बोलावली.

हर्नियात आतडं अडकून काळं पडलं होतं. डॉक्टरांनी वीतभर कापून दोन्ही टोकं शिवली. शिवण धरते की नाही ते पाच-सहा दिवसांत कळेल म्हणाले. माझी चूक असल्यासारखं माझ्याकडे बघत होते.

बुधवार, ७ फेब्रुवारी

वॉर्ड सहा खाटांचा. शेजारी कासूचा गोविंदा, शेतकरी, पित्ताचे खडे काढलेत. ते बाटलीत घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. दिवसाच्या नर्स दोन, नमिता आणि अपेक्षा. त्यांच्यावर मोठ्या सिस्टर.

ही अपेक्षा माझ्या डोक्यात जाते. सकाळी येऊन विचारते, सर, आज वार कोणता? भिंतीवर कॅलेंडर आहे म्हटलं, तर म्हणे कॅलेंडरला नाय विचारत, तुम्हाला विचारते. मग आपण आत्ता कुठे आहोत? मी पेणला आहे आणि तू भानावर नाहीस, असं सांगितलं. तिने ते हसून लिहून घेतलं. पुढे सगळ्या वॉर्डासमोर, गोविंदाच्या बायकोच्या देखत, वारा सरला का म्हणून चौकशी. मी वर्गात पाऊल टाकलं की पोरं श्वास रोखून बसायची, आणि आता माझ्या वाऱ्याची जाहीर विचारपूस.

त्यानंतर मनगट धरून नाडी बघितल्याचं सोंग केलं आणि डोळे माझ्या छातीवर. पूर्ण एक मिनिट. काय बघतेस विचारलं तर म्हणे श्वास मोजते. सांगून मोजला की माणूस श्वास बदलतो, म्हणून नाडीचं निमित्त. पंधरा सेकंद मोज आणि चाराने गुण, मी म्हटलं, एवढं गणित येत असेल तर. ती म्हणाली, "तसं नाय चालत सर. पायऱ्या गाळल्या की उत्तर चुकतं." कुठेतरी ऐकलेलं वाक्य. कुठलंही असो, आगाऊपणा तो आगाऊपणाच.

नमिता त्या मानाने बरी. दारातूनच खाटांवर नजर फिरवते आणि सहाही तक्ते भराभर भरून मोकळी होते. माझे श्वास वीस, गोविंदाचे वीस, कोपऱ्यातला म्हातारा भात्यासारखा धापतो त्याचेही वीस. दोन मिनिटांत काम खलास. उरक असावा तर असा.

दुखतं किती, तेही आकड्यात सांगायचं. शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे त्यापलीकडे दुखणंच नाही. गुण देण्याच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. चौतीस वर्षांत दहापैकी सहाच्या वर मी कोणाला चढू दिलं नाही. सहा मिळाले तर पोरं घरी जाऊन पेढे मागायची. दहा देवाचे, नऊ पुस्तकाचे, आठ माझे, आणि सात मिळवणारा अजून जन्माला यायचाय, असं मी पहिल्याच तासाला सांगत असे. आज कूस बदलताना डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी दोन दिले. अपेक्षाने दोन लिहिले आणि शेजारी पेन्सिलीने बारीक काहीतरी खरडलं. माझ्या उत्तरावर शेरा मारणारी ही कोण?

गुरुवार, ८ फेब्रुवारी

आज कळलं ही कोण ते. निडीची. भातशेती करणाऱ्यांच्या घरातली, गाडीने रोह्याला शाळेत यायची. आठवीला माझ्या वर्गात होती म्हणे. मला काही आठवेना. आठवत नाही म्हणजे सहाच्या आतलीच असणार.

ओळख सांगून तिने सवलत घ्यायला सुरुवात केली. प्लास्टिकचं एक यंत्र दिलं, आत तीन गोळ्या. नळी तोंडात धरून श्वास ओढायचा आणि गोळ्या वर चढवायच्या, दर तासाला दहा वेळा. झोपून राहिलं की फुप्फुसाच्या तळाशी कफ साचतो म्हणे. बहात्तराव्या वर्षी मला बालवाडीत घातलं. दोन गोळ्या चढल्या, तिसरी हलेना. "सर, अजून एकदा," ती म्हणाली, अगदी माझ्याच आवाजात. गोविंदा फिदीफिदी हसला.

दुपारी ऑफिसातून जितेश नावाच्या माणसाला बोलावून घेतलं आणि लेखी तक्रार दिली. तारखा, वेळा, शब्द, सगळं. जितेशने विचारलं, सर, एवढं मनावर घ्यायचं हाय का, पोरगी सहा महिन्यांच्या कराराची हाय. मी म्हटलं, करार सहा महिन्यांचा असला तरी शिस्त जन्माची असते. त्याने कागद घेतला. वाक्य चांगलं जमलं होतं.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

तक्रारीचा गुण आला. मोठ्या सिस्टरांनी अपेक्षाला सगळ्यांसमोर झापलं आणि माझ्या खाटेकडे फिरकायचं नाही म्हणून बजावलं. आता माझ्याकडे नमिता. तिने वीस लिहिलं आणि गेली. शांतता.

अंगात कणकण आहे. थर्मामीटर शंभरच्या आतच दाखवतं, म्हणजे ताप नाहीच. उचक्या लागल्यात. डावा खांदा दुखतो. या उशा कोणी शिवल्या कोण जाणे, आत कापूस आहे की भाताचं तूस. पोट परत टम्म झालंय. नमिताने विचारलं, दुखतंय काय? मी तीन दिले. ती बरं म्हणाली.

अपेक्षा लांबून बघत होती. शेवटी राहवलं नाही तिला, आलीच. पोटाला हात लावू का विचारलं. जिच्याविरुद्ध तक्रार केली तिचा हात मला नको, मी स्पष्ट सांगितलं. मग तिथूनच म्हणाली, "सर, खांदा कधीपासून दुखतो? लघवीची पिशवी सकाळपासून भरलेली नाय." मी मोठ्या सिस्टरांना हाक मारली. त्या तिला घेऊन गेल्या. जाताना ती वळून माझ्या छातीकडेच बघत होती, ओठ हलत होते. मोजत होती. याला सूड म्हणतात. चौथीच्या पाढ्यासारखं मला पाठ करून ठेवणार आहे ही.

शनिवार की रविवार, दहा

दहा कोणी दिले. दहा देवाचे.

पोरं फार बडबडतात आज. खाटांवर चढून बसलीत. बाकं कुठे गेली? अनसूया दाराशी उभी आहे, डबा घेऊन, आत ये म्हटलं तर येत नाही. बायको जाऊन नऊ वर्षं झाली हे मला कळतं, पण डबा गरम दिसतो.

गोविंदा घरी चाललाय. नमिता त्याच्यासमोर कागद धरून उभी. म्हणते, दादा, नऊ नायतर दहाच द्या. आठच्या खाली गेलं की हापिसात ती तक्रार धरतात. अपेक्षाची एक झालीय, दुसरी झाली की तिला काढतील. परीक्षेच्या आधी गुण ठरतात. ही कसली शाळा. बंद करा.

ती आली. येऊ नको सांगितलं होतं. सर, आज काय वार? सहामाही, मी म्हटलं. कुठे आहोत? सातवी ब. मनगट धरलं. हात गार आहे तिचा. नाही, माझा.

किती दुखतंय सर. पोट लाकडाचं झालंय. मी चार दिले. चार. जास्त दिले वाटतं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या चार म्हणजे काय मोठं नाय, इंजेक्शन लिहिलंय ते द्या, डॉक्टर संध्याकाळी बघतील. ती ऐकत नाही. उलट बोलते. वर्गाबाहेर उभी करा हिला. कोण ओरडतंय

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

अक्षर माझं मला ओळखू येत नाही. मागचं पान मी वाचणार नाही. हेमांगीला फाडायला सांगितलं, तर म्हणाली, राहू दे नाना, ताप होता तुम्हाला.

आतड्याची शिवण उसवली होती. आतली घाण पोटात पसरली होती. शनिवारी दुपारी पुन्हा चिरलं, धुतलं, चार दिवस अतिदक्षता विभागात. उजव्या कुशीला आता पिशवी लावलीय. आतड्याचं तोंड बाहेर काढून ठेवलंय, तीन महिन्यांनी परत आत घालणार. मनात येतं, तसेच गेलो असतो तर बरं झालं असतं. हे हेमांगीला सांगितलं नाही.

तिने मला सगळं सांगितलं. मी चार दिल्यावर मोठ्या सिस्टर निघून गेल्या. अपेक्षाने त्यांची परवानगी न घेता थेट डॉक्टरांना फोन लावला. ते रोह्याच्या दवाखान्यात होते. हेमांगी शेजारीच उभी होती, तिने शब्द न शब्द ऐकला. "श्वास बत्तीस आहे, पूर्ण मिनिट मोजलाय. नाडी एकशे तीस. पोट फळीसारखं, लघवी नाही, बोलणं भलतंच. आणि डॉक्टर, सरांनी चार सांगितलेत. सरांचे चार म्हणजे दुसऱ्याचे दहा. मला माहीत हाय, मी त्यांच्या वर्गात होते." डॉक्टर तासाभरात पोचले. अजून दोन तास गेले असते तर उपयोग नव्हता, असं तेच हेमांगीला म्हणाले.

तक्त्यावर पहिल्या दिवसापासून माझ्या प्रत्येक आकड्याशेजारी तिने पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं : सरांचे. सरांचे दोन. सरांचे तीन. मला हे आवडलं नाही. मी कधी कोणाला वाढीव गुण दिले नाहीत आणि घेतलेही नाहीत.

सोमवार, १९ फेब्रुवारी

पुन्हा जुन्याच वॉर्डात. पिशवी कशी बदलायची ते अपेक्षाच शिकवते, कारण नमिताला घाण वाटते. मोठ्या सिस्टर आता काही बोलत नाहीत, पण तिच्याशीही बोलत नाहीत. कडेने पुसायचं, कातडी कोरडी करायची, आतड्याचं तोंड लाल आणि ओलसर आहे ना बघायचं, काळपट दिसलं तर लगेच यायचं. मी तोंड फिरवून घेतलं. ती म्हणाली, "बघा सर. बघितल्याशिवाय नाय येत." बघितलं. माझ्या हातून दोनदा वाकडी बसली, तिसऱ्यांदा सरळ बसली. तिने शाबासकी दिली नाही. ते बरं केलं.

मी विचारलं, आठवीत तुला किती दिले होते? चार, ती म्हणाली. उत्तर बरोबर होतं, पायऱ्या नव्हत्या. मी म्हटलं, मग बरोबरच दिले. "व्हय सर," ती म्हणाली आणि पिशवीचं झाकण घट्ट आहे का ते तपासलं.

रात्रपाळीच्या बाईने येऊन सगळ्यांचे वीस लिहिले. आज पहिल्यांदा सहाही तक्ते नीट पाहिले. एक अपेक्षाचे आकडे सोडले, तर सहा माणसं, सगळ्यांचे श्वास वीस, रोज. एका वर्गात सहा पोरांची उत्तरं सारखी आली असती तर मी सहाही पेपर फाडले असते. इथे बारा दिवस डोळ्यांसमोर कॉपी चालली होती आणि मी तिला उरक म्हणत होतो.

बुधवार, २१ फेब्रुवारी

घरी सोडलं. निघताना जितेशने फॉर्म दिला. जेवण, स्वच्छता, डॉक्टर, आणि नर्सचं नाव लिहून तिच्या सेवेला दहापैकी गुण.

जेवणाला दोन. स्वच्छतेला चार. डॉक्टरांना सहा. मग अपेक्षाचं नाव लिहिलं आणि थांबलो. हेमांगी म्हणाली, नाना, गाडी थांबलीय, लिहा काहीतरी. काहीतरी लिहिणारा माणूस मी नाही. सगळं डोक्यात पुन्हा मांडलं, पहिल्यापासून, पायरी न पायरी. उद्धटपणाचे कापले, परवानगी न घेता फोन केला त्याचेही कापायला गेलो आणि नाही कापले.

सात दिले.

चौतीस वर्षांत पहिल्यांदा. फॉर्म जितेशच्या हातात दिला. तिला बोलावून सांगावं असं वाटलं, पण ती कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यापाशी उभी होती, मनगट धरून. मिनिट मोडायला नको म्हणून तसाच निघालो. नागोठण्यापर्यंत गाडीत मी फार खुशीत होतो. हेमांगीने दोनदा विचारलं, पोट दुखत नाही ना?

सोमवार, २६ फेब्रुवारी, पेण, इस्पितळाच्या बाकावरून

टाके काढायला आलो. आल्या आल्या वॉर्डात डोकावलो, अपेक्षा दिसली नाही. जितेशला विचारलं. तिचा करार पुढे वाढवला नाही, शनिवारीच गेली. कोलाडकडे कुठल्या दवाखान्यात लागणार म्हणत होती.

का काढलं?

"दोन तक्रारी झाल्या ना, सर."

मी एकच केली होती. दुसरी कोणाची?

त्याने समोरच्या कॉम्प्युटरवर माझं नाव काढलं. मग म्हणाला, "तुमचीच. तुम्ही सात दिले. आठच्या खालचं सगळं तक्रारीत जातं."

मी त्याला समजावून सांगायला लागलो की सात म्हणजे काय. सहाच्या वर मी कोणाला दिलं नाही, रोह्यात कोणालाही विचार. तो मान हलवत होता, पोर पाढा चुकत असताना आपण हलवतो तशी. म्हणाला, सर, हे मला कळतं, कॉम्प्युटरला नाय कळत. दहा घाल, मी म्हटलं. गेलेला फॉर्म आता उघडत नाही म्हणे. पत्र लिहून दिलं, पायऱ्यांसकट, शेवटी दहापैकी दहा. त्याने ते फायलीत घातलं. फाईल जाडजूड होती.

बाहेर येऊन वही उघडली आणि दहा तारखेचं ते पान वाचलं. नमिता गोविंदाला सांगत होती ते सगळं तिथे आहे. आठच्या खाली, दुसरी तक्रार, काढतील. माझ्याच हाताने लिहिलेलं. माझ्याच अक्षरात. मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

टाके नमिताने काढले. एक आत रुतला होता, तो ओढताना तिने सवयीने विचारलं, दुखतं काय सर, किती? नऊ, मी म्हटलं. ती हसली. टाके काढताना नऊ कोणाला दुखतं ओ, म्हणाली, आणि दोन लिहिले.

माझ्या जुन्या खाटेवर नवीन माणूस आहे. पन्नाशीचा, जगन नाव, परवा पोटाचं ऑपरेशन झालंय. कपाळाला घाम, नाकपुड्या फुगतात. नमिताने दारातून त्याचे वीस लिहिले. मी स्टूल ओढलं, बरा आहेस ना विचारत त्याचं मनगट धरलं आणि छातीकडे बघितलं. पूर्ण एक मिनिट. तीस.

आज वार कोणता, मी विचारलं. तो म्हणाला, बाजाराचा.

मोठ्या सिस्टरांना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, सर, तुमचे टाके निघाले, आता बाहेर बसा. डॉक्टरांना फोन लावा म्हटलं, तर ते संध्याकाळी येतीलच म्हणाल्या. हेमांगी गाडी घेऊन खाली थांबलीय. तिला निरोप पाठवला, उशीर होईल.

बाहेर बसतो आणि आत जातो. वहीत जागा भरपूर आहे.

अकरा दहा : श्वास तीस.
अकरा वीस : बत्तीस. सिस्टरांना दुसऱ्यांदा सांगितलं.
अकरा तीस : बत्तीस. हात गार.
अकरा चाळीस : चौतीस. दुखणं त्याने पाच सांगितलं. हा कसे गुण देतो ते मला माहीत नाही, म्हणून त्याच्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, "कुऱ्हाड पायावर पडली तेव्हा बी चारच सांगितले होते त्यांनी."

तिला घेऊन तिसऱ्यांदा आत चाललो आहे.